झिजक्या फॉन्टची छपाई बिघडते तेव्हा: काय, कुठून आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

लग्नपत्रिका, मेनूकार्ड, मुखपृष्ठ, टी-शर्ट, कॉफीच्या पुड्यांवरची लेबलं. हल्ली दर दुसऱ्या कामात 'जुन्या छापखान्यातून आल्यासारखी' इंग्रजी अक्षरं हवी असतात. म्हणजे सेरिफ फॉन्ट (अक्षरांच्या टोकांना छोटे पाय असलेला), कडा खडबडीत, मधे टवके उडालेले, शाई कमी पडल्यासारखी. माझं काम छपाईची प्लेट निघायच्या आधी फाइल तपासण्याचं. त्यामुळे हा फॉन्ट माझ्याकडे बहुतेक वेळा बिघडलेल्या अवस्थेतच येतो आणि सोबत एक ठरलेलं वाक्य येतं: "स्क्रीनवर मस्त दिसतंय, प्रेसवाल्यानेच घोळ घातला."

प्रेसवाला क्वचितच दोषी असतो. दोष फाइलमध्ये असतो, आणि बहुतेक वेळा तो फुकटात सापडतो.

लक्षणं आधी बघून घ्या. तुमचं कोणतं आहे ते कळलं की खालच्या निम्म्या पायऱ्या वाचायची गरज उरत नाही.

- स्क्रीनवर टवके छान दिसतात, छापल्यावर अक्षर भरीव येतं किंवा नुसतं मळकट दिसतं.
- एकाच शब्दातले दोन 'ओ' किंवा दोन 'टी' अगदी एकाच जागी फुटलेले दिसतात.
- झिजक्या ओळीत मधेच एखादं अक्षर, आकडा किंवा ₹ कोरं करकरीत उभं असतं.
- मराठी मजकुराला फॉन्ट लागतच नाही. किंवा लावताच मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला होतो.
- कर्व्ह केल्यानंतर (म्हणजे टाइप केलेल्या अक्षराची नुसती आकृती केल्यावर) सगळे टवके, आणि कधी कधी 'ओ'चं पोटसुद्धा, काळं भरून जातं.
- फाइल उघडायला युगं लागतात, पीडीएफ प्रेसच्या रिपवर (पानाचे छापायचे ठिपके करणाऱ्या यंत्रणेवर) अडकते.
- टी-शर्टवर, फॉइलमध्ये किंवा कापलेल्या विनायलमध्ये अक्षराचा चिवडा होतो.

झीज दोन तऱ्हेची असते

हे कळल्याशिवाय पुढच्या तपासण्यांना अर्थ नाही. एक झीज कडेची. अक्षराची बाहेरची रेघ वेडीवाकडी, सेरिफची टोकं बोथट, पण पोट भरीव. दुसरी झीज पोटातली. अक्षराच्या आत छोटी पांढरी छिद्रं, ओरखडे, टवके.

कडेच्या झिजेचं उत्तम उदाहरण म्हणजे 'आयएम फेल' हे फॉन्ट. ऑक्सफर्डचे बिशप जॉन फेल यांनी जमवलेले टाईप आणि त्यांच्या मातृका (खिळे ओतायचे साचे) 1686 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर विद्यापीठाकडे गेल्या. इजिनो मारिनी या इटालियन माणसाने त्यांच्या छापील ठशांवरून हे डिजिटल फॉन्ट केले. शिसं, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे ते खिळे कागदावर दाबले की शाई कडेने जराशी बाहेर पसरते; मारिनीने ती पसरलेली कड तशीच ठेवली. गूगल फॉन्ट्सवर हे मोफत आहेत. दुसरं उदाहरण 'कॅसलॉन अँटिक'. विल्यम कॅसलॉनचा त्याच्याशी काही संबंध नाही. शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने 1890 च्या दशकात तो आणला तेव्हा त्याचं नाव 'फिफ्टीन्थ सेंच्युरी' होतं. म्हणजे जुनाट दिसण्याची ही हौस संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

पोटातली झीज मात्र बहुतेक आजकालच्या 'व्हिंटेज' फॉन्टमध्ये असते: कुणीतरी स्वच्छ अक्षरावर पोत टाकून त्याला ट्रेस केलेलं. बिघाडाच्या दहातल्या नऊ तक्रारी याच जातीच्या. कडेची झीज छपाईत टिकते, पोटातली मरते. फॉन्ट निवडायच्या आधीच हे कुणी लक्षात घेतलं, तर माझं अर्धं काम वाचेल.

1. शंभर टक्क्यांवर एक प्रिंट काढा

सगळ्यात स्वस्त तपासणी. पानाला बसवू नका, 'फिट टू पेज' काढून टाका, खऱ्या मापात लेझर प्रिंट काढा आणि हातभर अंतरावर धरून बघा. स्क्रीनवर आपण चारशे टक्के झूम करून टवक्यांचं कौतुक करत असतो. वाचणाऱ्याला तो झूम मिळत नाही.

यामागे एक साधं गणित आहे. अक्षराचं चौकट-माप हजार भागांचं धरलं, तर दहा भागांचा टवका 12 पॉइंटला इंचाच्या सहाशेव्या भागाएवढा होतो. 600 डीपीआयच्या (इंचाला 600 ठिपके छापणाऱ्या) लेझर प्रिंटरचा तो बरोबर एक ठिपका. म्हणजे प्रिंटरने तो दाखवला तरी नशीब, गाळला तरी त्याची चूक नाही. प्लेट काढणाऱ्या यंत्रावर, 2400 डीपीआयला, तोच टवका चार ठिपक्यांचा होतो. प्लेटवर तो दिसेलही, पण कागदावर शाई पसरली की बुजणार.

लेझरवर टवके दिसले नाहीत तर घाबरायचं कारण नाही, पण थेट पाचव्या पायरीवर जा.

2. खरोखर तोच फॉन्ट लागलाय का?

हसू नका. डिझायनरच्या मशीनवर पैसे देऊन घेतलेला पूर्ण फॉन्ट असतो आणि ऑपरेटरच्या मशीनवर कुठून तरी उतरवलेला डेमो. दोघांची नावं एक, फाइली वेगळ्या. डेमोत आकडे नसतात, विरामचिन्हं नसतात, कधी कॅपिटलच असतात. जे नसतं ते संगणक दुसऱ्या फॉन्टमधून उसनं आणतो आणि ओळीत एक अक्षर कोरं दिसायला लागतं.

तपासणी: ॲक्रोबॅटमध्ये पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फॉन्टची यादी उघडा. तिथे तुमच्या फॉन्टचं नाव हवं आणि पुढे 'एम्बेडेड' (म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच भरलेला) हवं. यादीत एरियल किंवा टाइम्स आगंतुकासारखा बसलेला दिसला तर चोर सापडला. एकाच फॉन्टच्या टीटीएफ आणि ओटीएफ अशा दोन्ही फाइली मशीनवर असतील तर एक काढून टाका, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

₹ चं दुखणं वेगळं. हे चिन्ह सरकारने 2010 च्या जुलैत स्वीकारलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्ये आलं. त्याआधी बनलेल्या आणि नंतर कुणी हात न लावलेल्या फॉन्टमध्ये ते असणार कुठून? मेनूकार्डात पन्नास ठिकाणी चकचकीत ₹ आणि बाजूला झिजके आकडे, हे फार वाईट दिसतं. सरळ 'रु.' लिहा, किंवा किंमत नुसत्या आकड्यात ठेवा. जुन्या हॉटेलांच्या पाट्यांवर तरी कुठे चिन्ह होतं!

3. बोल्डचं बटण आणि आऊटलाइन

झिजकं अक्षर स्क्रीनवर फिकट वाटतं, म्हणून हात आपोआप 'बी'कडे जातो. आयएम फेलमध्ये सरळ आणि तिरपं वळण आहे, बोल्ड नाहीच. या जातीच्या बहुतेक फॉन्टचं तेच. मग सॉफ्टवेअर खोटा बोल्ड करतं: अक्षराभोवती रेघ फुगवतं. ती रेघ बाहेर जाते तशी आत, टवक्यांच्या कडेनेही जाते. छोटे टवके तिथल्या तिथे बुजतात.

अक्षर निवडा, बोल्ड काढा, आऊटलाइन 'नन' आहे का बघा. कोरलड्रॉमध्ये (पुढे नुसतं कोरल) हेअरलाइन, म्हणजे केसाएवढी बारीक, आऊटलाइन चिकटून राहिलेली फार वेळा सापडते, विशेषतः दुसऱ्या फाइलमधून कॉपी केलेल्या मजकुरात. वजन खरंच कमी पडत असेल तर माप वाढवा किंवा दुसरा फॉन्ट घ्या.

4. सारखे फुटलेले जुळे

शिशाच्या खिळ्यांत प्रत्येक 'ई' वेगळा खिळा होता, म्हणून प्रत्येकाची झीज वेगळी. डिजिटल फॉन्टमध्ये 'ई' एकच. कॉफी, कमिटी, बुक अशा शब्दांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकच अक्षर दोनदा शेजारी येतं आणि सोंग उघडं पडतं. एकदा नजरेला दिसलं की पुन्हा न दिसणं अशक्य.

चांगल्या फॉन्टमध्ये यावर उपाय आधीच घातलेला असतो: पर्यायी अक्षरं. काहींमध्ये कॅपिटल आणि स्मॉल या दोन्ही कळांवर कॅपिटलचीच दोन रूपं ठेवलेली असतात. एक अक्षर शिफ्ट दाबून, दुसरं न दाबता टाइप केलं की झालं. काहींमध्ये 'कॉन्टेक्स्च्युअल आल्टरनेट्स' चालू केल्यावर फॉन्ट स्वतःच अक्षरं आलटून पालटून देतो. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये ओपनटाईपच्या खिडकीत बघा. वर्डमध्ये फॉन्टच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर टिक स्वतः करावी लागते. कोरलच्या एक्स 6 च्या आधीच्या आवृत्त्यांत ही सोयच नाही.

पर्याय नसतील तर मथळ्यापुरतं अक्षर कर्व्ह करून एकाचे दोन-चार टवके हलवा. परिच्छेदासाठी हा उद्योग करू नका. कुणी बघत नाही.

5. माप आणि छपाईची पद्धत

बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, म्हणून जरा सावकाश.

प्रत्येक छपाई पद्धतीला एक सगळ्यात लहान माप असतं, ज्याच्या खालचं पांढरं छिद्र ती धरू शकत नाही. माझे कामचलाऊ आडाखे असे: ऑफसेटला आर्ट पेपरवर 0.1 मिलिमीटर, मॅपलिथोसारख्या शाई पिणाऱ्या कागदावर 0.15, कापडावरच्या स्क्रीन प्रिंटिंगला 0.3. तुमच्या प्रेसचे आकडे थोडे इकडे तिकडे असतील. विचारा, ते सांगतात.

आता तुमच्या फॉन्टचा टवका किती मोठा? फॉन्ट उघडायचं सॉफ्टवेअर लागत नाही. इलस्ट्रेटरमध्ये एक अक्षर 1000 पॉइंटला टाइप करा, 'क्रिएट आऊटलाइन्स' देऊन कर्व्ह करा आणि एखादा सरासरी टवका पॉइंटमध्ये मोजा. जितके पॉइंट, तितके हजारातले भाग. समजा 15 आले. मग कामाच्या मापाला टवका किती मिलिमीटरचा होईल, याचं सूत्र: 15 गुणिले अक्षराचं पॉइंट माप, भागिले 1000, गुणिले 0.353.

उलटं काढलं तर हिशेब असा येतो: हा फॉन्ट आर्ट पेपरवर साधारण 19 पॉइंटच्या खाली वापरू नका, मॅपलिथोवर 28 च्या खाली नको, टी-शर्टवर 57 च्या खाली नको. पत्रिकेत पत्ता 9 पॉइंटला याच फॉन्टमध्ये घालणारे रोज भेटतात. त्यात प्रेस काय करणार?

उपाय तीन, पसंतीच्या क्रमाने. लहान मजकुराला झिजका फॉन्ट लावूच नका. मथळा झिजका, बाकी सगळं त्याच जातकुळीच्या स्वच्छ सेरिफमध्ये. बघणाऱ्याचं मन बाकीचं जुनेपण स्वतः भरून घेतं. दुसरा, लहान मजकुरालाही जुनेपण हवंच असेल तर कडेची झीज असलेला फॉन्ट घ्या. आयएम फेलचा इथे मोठा फायदा आहे, कारण जुन्या काळी प्रत्येक मापासाठी वेगळी अक्षरं कोरली जात आणि मारिनीने ती वेगवेगळीच ठेवली: पायका म्हणजे आजचे सुमारे 12 पॉइंट, इंग्लिश 14, ग्रेट प्रायमर 18, त्यापुढे डबल पायका आणि मथळ्यांचा फ्रेंच कॅनन. लोक यातला जो पहिला दिसेल तो घेतात आणि सगळीकडे फासतात. पायका 72 पॉइंटला ताणला की कडा ढेकळांसारख्या दिसतात. फ्रेंच कॅनन 9 पॉइंटला आणला की बारीक रेषा तुटतात. त्या त्या मापाला तो तो वापरा, अर्ध्या तक्रारी मिटतील. तिसरा उपाय म्हणजे टवके मोठे करणं. तो सगळ्यात शेवटी, कारण त्यासाठी अक्षरात हात घालावा लागतो.

स्क्रीन प्रिंटिंगचं थोडं अधिक. अक्षराच्या पोटातला टवका म्हणजे जाळीवर इमल्शनचं (शाई अडवणाऱ्या थराचं) एक इवलंसं बेट. सेंटिमीटरला 43 धागे असलेल्या जाळीत दोन धाग्यांमधलं अंतर सुमारे 0.23 मिलिमीटर. त्याहून लहान बेटाला धरायला एखादाच धागा मिळतो आणि जाळी धुताना ते वाहून जातं. सेंटिमीटरला 120 धाग्यांच्या जाळीत हेच अंतर 0.083 वर येतं, पण त्या जाळीतून कापडाची जाड शाई नीट उतरत नाही. म्हणून टी-शर्टवाल्याला 'बारीक जाळी घ्या' एवढंच सांगून भागत नाही. टवकाच मोठा हवा.

फॉइलमध्ये टवके भरतात, कारण गरम ब्लॉकखाली फॉइल छोट्या फटीवर पूल बांधते. प्लॉटरवर कापलेल्या विनायलसाठी पोटातल्या झिजेचा फॉन्ट घेऊच नये. प्रत्येक टवका वेगळा कापला जातो आणि मग कुणीतरी चिमटा घेऊन तो सोलत बसतं. तिथे विनायलवर छापून घ्या आणि बाहेरचा साधा आकार कापा.

6. रंग

काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर आहे का? चार रंगांचा मिळून केलेला काळा असेल तर चार प्लेटा केसभरही सरकल्या की टवक्यात निळी-लाल कड डोकावते आणि छोटा टवका नाहीसा होतो. स्वॅच बघा: शंभर टक्के के (काळा), बाकी तीन शून्य. तपकिरी 'जुनी शाई' हवी असेल तर पॅन्टोनची (आधीच मिसळून ठरलेल्या रंगाची) एक शाई वेगळी मारणं बरं. चार रंगांतून बारीक अक्षरात तपकिरी काढणं म्हणजे दुखणं विकत घेणं.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं असतील तर सगळं उलटतं. टवके आता शाईचे ठिपके होतात, ते पसरून मोठे होतात आणि अक्षर बारीक होत जातं. तिथे सौम्य झिजेचा पर्याय घ्या.

7. मराठी मजकूर

झिजक्या सेरिफ फॉन्टमध्ये देवनागरी जवळपास नसतेच. युनिकोड मराठीला तो लावला तर संगणक गुपचूप मंगल किंवा निर्मला आणून बसवतो; वर फॉन्टच्या नावात मात्र तुमचा झिजका फॉन्टच दिसत राहतो. मजकूर जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर गंमत आणखी वेगळी. तिथे मराठी अक्षरं आतून इंग्रजी कळांच्या जागी साठवलेली असतात, त्यामुळे फॉन्ट बदलताच खरं रूप बाहेर येतं: इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. ओळखायची खूण सोपी, मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथेही मराठी दिसली तर युनिकोड. काला दिसला तर आधी कन्व्हर्टरमधून काढा. आणि काढल्यावर 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'ॲ', 'ऑ' हे शब्द-अक्षरं मुद्दाम शोधून तपासा. रूपांतरात पहिला बळी यांचाच जातो.

मग मराठीला जुनेपण आणायचं कसं? फॉन्ट शोधत बसू नका. पारंपरिक वळणाचा स्वच्छ युनिकोड फॉन्ट घ्या, टिरो देवनागरी मराठी मोफत आहे आणि चांगला आहे, आणि झीज वरून द्या. मला सगळ्यात खरी वाटणारी रीत जुनीच: मथळा हव्या त्या मापात लेझरवर छापा, खरखरीत कागदावर, त्याची झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स, ती 1200 डीपीआयला ग्रे स्कॅन करा, फोटोशॉपमध्ये थ्रेशोल्ड 128 पासून सुरू करून खालीवर करा आणि एक-बिट (फक्त काळा आणि पांढरा) बिटमॅप करून ठेवा. डाउनलोड केलेल्या पोतापेक्षा हे नेहमी सरस दिसतं, कारण झीज अक्षराच्या आकारानुसार होते.

पण देवनागरीत झीज कुठे पडू द्यायची हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. इंग्रजीत टवका कुठेही पडला तरी अक्षर सहसा वाचता येतं. आपल्याकडे 'घ' आणि 'ध' यांच्यात फरक बराचसा शिरोरेषेच्या डाव्या तुकड्याचा. तिथेच टवका पडला की 'घर'चं 'धर' होतं. 'म'ची डावी शिरोरेषा गेली की तो 'भ'कडे झुकतो, आणि 'मात' केली म्हणायचं तिथे 'भात' होतो. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ पुसली तर 'व', बारामतीची वारामती. आणि उलट बाजूने, शिरोरेषेवर उडालेला काळा ठिपका अनुस्वार होऊन बसतो: 'रग'चा 'रंग', 'पत'चा 'पंत'. पत्रिकेत आडनावावर असा एक ठिपका पडला तर वरपक्ष आणि वधूपक्ष दोघेही तुमच्या दारात.

म्हणून माझा नियम: शिरोरेषेच्या वरचे सगळे सुटे ठिपके हाताने पुसायचे, खरे अनुस्वार आणि रफार मूळ मजकुराशी ताडून बघायचे, आणि घ, ध, म, भ, ब, व ही अक्षरं एकेक करून वाचायची. झीज दाखवायचीच असेल तर दोन अक्षरांच्या मधे शिरोरेषेला बारीक फट द्या. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना मुंबईत 1869 मध्ये सुरू झाला; तिथल्या किंवा त्या काळातल्या कुठल्याही खिळ्यांच्या छपाईची पोथी हाताला लागली तर भिंगाखाली धरा. खिळ्याला खिळा जिथे भिडतो तिथे शिरोरेषा तुटलेली दिसेल आणि वरचा रफार किंवा वेलांटीचं टोक मोडलेलं. अक्षराच्या मधोमध नक्षीदार टवके तिथे फारसे नसतात. आजच्या फॉन्टवाल्यांनी काढलेली झीज इथेच खोटी वाटते.

8. कर्व्ह केल्यावर भरून गेलं

कोरलमध्ये कंट्रोल-क्यू करून अक्षर कर्व्ह झालं, मग एक नको असलेला टवका काढायला कुणीतरी कंट्रोल-के म्हणजे 'ब्रेक अपार्ट' केलं. त्या क्षणी प्रत्येक टवका वेगळा काळा आकार होऊन अक्षरावर बसतो, 'ओ'चं पोटसुद्धा. त्या एका अक्षराचे सगळे तुकडे निवडा आणि कंट्रोल-एल देऊन 'कंबाइन' करा, जागेवर येईल. इलस्ट्रेटरमध्ये हेच काम कंट्रोल-8 चं. पूर्ण शब्द एकदम निवडून कंबाइन करू नका. अक्षरं एकमेकांवर जराशी चढलेली असतील तर तिथे नवी पांढरी भोकं पडतात.

ब्रेक अपार्ट न करताही टवके भरत असतील, आणि एका सॉफ्टवेअरमध्ये नीट तर दुसऱ्यात भरीव दिसत असतील, तर दोष फॉन्टच्याच आत आहे. अक्षराची बाहेरची रेघ एका दिशेने फिरते आणि आतल्या छिद्राची उलट दिशेने फिरावी लागते. घाईत बनवलेल्या फॉन्टमध्ये काही छिद्रं बाहेरच्याच दिशेने फिरतात आणि त्यांना छिद्र मानलं जात नाही. फॉन्टफोर्जमध्ये 'करेक्ट डिरेक्शन' ही आज्ञा हे सुधारते. पण आधी परवाना वाचा. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर बदल करता येतो, मूळ नाव राखीव असेल तर सुधारलेल्या फॉन्टला वेगळं नाव द्यावं लागतं. विकतच्या फॉन्टमध्ये बहुधा परवानगी नसते.

9. फाइल जड, रिप अडकतोय

ट्रेस करून बनवलेल्या फॉन्टच्या एका अक्षरात शेकडो, कधी हजारांवर बिंदू असतात. मथळा कर्व्ह केला तर चालतं. 'प्रेसने सांगितलं सगळं कर्व्ह करून द्या' म्हणून पूर्ण पान कर्व्ह केलं की लाखो बिंदू होतात. जुन्या पोस्टस्क्रिप्ट यंत्रांवर एका पाथला 1,500 बिंदूंची मर्यादा होती आणि 'लिमिटचेक' नावाची चूक येऊन काम थांबायचं. आजचे रिप बरेच सोसतात, तरी जुनी मशिनं अजून चालू आहेत.

पहिला उपाय: कर्व्ह न करता फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ द्या. दुसरा: फक्त झिजका मथळा 1200 डीपीआयच्या एक-बिट टिफमध्ये बदला आणि तो चित्रासारखा लावा. अख्खं ए4 पान असं केलं तरी दाबण्याआधी सुमारे 17 एमबी होतं, आणि दाबल्यावर त्याहून खूपच कमी. जेपीईजी कधीही करू नका. टवक्यांच्या कडेला करडी धूळ येते आणि प्लेटवर तिचे ठिपके होतात.

इथे थांबा आणि माणूस गाठा

टिफ लावूनही पीडीएफ रिपवर अडकत असेल तर पुन्हा पुन्हा एक्स्पोर्ट करत बसू नका. मूळ फाइल, फॉन्ट आणि रिपने दिलेल्या चुकीचा फोटो प्रेसच्या प्रीप्रेसवाल्याला (छपाईआधी फाइल तयार करणाऱ्याला) द्या. तुमच्या स्क्रीनवर ते सुटणार नाही, कारण बिघाड तुमच्या स्क्रीनवर नाही.

प्लेटा निघाल्या असतील तर फाइलमध्ये एक ठिपकाही बदलू नका. आधी फोन करा. छपाई थांबवायची की आहे तसं जाऊ द्यायचं, हे ठरवणारा मशीनमन आहे. शाई किंवा दाब जरा कमी करून तो काही टवके उघडून देऊ शकतो.

फॉइलचा किंवा लेटरप्रेसचा ब्लॉक करायचा असेल तर ऑर्डर देण्याआधीच ब्लॉकवाल्याला अक्षर दाखवा आणि सगळ्यात लहान फट किती चालेल ते त्याच्याकडून आकड्यात घ्या. ब्लॉक कोरला गेला की दुरुस्ती नाही, नवा पैसा.

एकाहून जास्त अक्षरांच्या आतली रेघ चुकीच्या दिशेने फिरत असेल, किंवा ब्रँडसाठी तुम्हाला देवनागरी आणि इंग्रजी जोडीने झिजका फॉन्ट हवा असेल, तर ते टाईप डिझायनरचं काम आहे. फॉन्टफोर्जमध्ये रात्र घालवून अंतरं आणि जोडाक्षरं बिघडतात, ती नंतर त्यालाच निस्तरावी लागतात.

आणि 'पर्सनल यूज' लिहिलेला डेमो फॉन्ट लोगोत किंवा विक्रीच्या मालावर गेला असेल तर तपासण्या सोडा. फॉन्ट करणाऱ्याला ईमेल करून व्यावसायिक परवाना घ्या. माल बाजारात गेल्यावर विचारलं तर तीच रक्कम मोठी होते. गिऱ्हाईकाच्या बिलात परवान्याची ओळ वेगळी दाखवा, आणि कोणत्या नावाने, किती मशिनांसाठी घेतला ते फाइलसोबतच जपून ठेवा.